आधी पाय, मग पेडल

मंडळी, सुरुवात माझ्या एका फसलेल्या खरेदीपासून करतो. मेटलकोर, म्हणजे हेवी मेटलच्या घराण्यातलं एक जोरकस संगीत, ड्रमवर वाजवायला लागलो तेव्हा माझ्या आवडत्या ड्रमरचा स्नेअर, म्हणजे समोरचा चपराक देणारा ड्रम, नेमका कोणता, हे मी त्याचे फोटो मोठे करकरून शोधून काढलं होतं. साडेसहा इंच खोल, पितळी. बरेच महिने पैसे साठवले, तो आणला, स्टँडवर ठेवला आणि पहिला फटका मारला. आवाज आला डबा वाजल्यासारखा. दोन दिवस मी त्या स्नेअरलाच शिव्या घातल्या. मग एक जाणता वादक घरी आला. त्याच स्नेअरवर, माझ्याच काठ्यांनी, त्याने चार फटके मारले आणि रेकॉर्डवरची ती चपराक माझ्या खोलीत ऐकू आली. त्याचे चारही फटके सारखे होते. माझे चार म्हणजे चार वेगळ्या माणसांनी मारल्यासारखे. आज मला जे बोलायचंय ते त्या चार फटक्यांबद्दलच आहे.

अमक्यासारखा आवाज हवा असं आपण सहज म्हणतो, पण अमक्याचा कोणता आवाज? ऑगस्ट बर्न्स रेड हा पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातला बँड, त्याचा ड्रमर मॅट ग्राइनर. या बँडच्या २००७ च्या अल्बमचं काम डेन्मार्कच्या टू मॅडसेनने पाहिलं आणि २००९ च्या अल्बमचं जेसन सुकॉफने. वाजवणारे हातपाय तेच. तरी दोन्ही अल्बम पाठोपाठ लावा आणि फक्त किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, आणि स्नेअर ऐका. मध्ये एक माणूस बदललाय हे कानाला कळतं. म्हणजे ड्रमरने काय वाजवलं हे एक, कशावर वाजवलं हे दुसरं, आणि नंतर मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, त्याचं काय झालं हे तिसरं. आपण तिसऱ्याच्या प्रेमात पडतो, दुसऱ्यावर पैसे घालतो आणि पहिल्याला हात लावत नाही.

मिक्समध्ये होतं काय, ते जरा नीट सांगतो, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. या संगीतात सॅम्पल सर्रास वापरतात. एक उत्तम फटका आधी रेकॉर्ड करून ठेवायचा आणि ड्रमरच्या प्रत्येक फटक्याच्या जोडीला, कधी त्याच्या जागीही, तो लावायचा. शिवाय पुढेमागे झालेले फटके क्लिकच्या, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीच्या, चौकटीत सरकवून बसवतात. वेगवान डबल किकचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकचा, एखादा तुकडा कान देऊन ऐका. उजवा पाय कुठला, डावा कुठला, हे अजिबात ओळखू येत नसेल तर ते श्रेय एकट्या पायांचं नाही. कोणी याला फसवणूक म्हणतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

हिशोब करून पाहू. १६० बीपीएमला (मिनिटाला १६० मात्रा) किकवर सोळावे, म्हणजे मात्रेला चार फटके, वाजवले की सेकंदाला साडेदहाच्या वर फटके पडतात. दोन फटक्यांत सुमारे ९४ मिलिसेकंदांचं अंतर. किकचा पोटात जाणवणारा भाग ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथल्या एका लाटेलाच जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. पाच-साडेपाच लाटा होईतो पुढचा फटका हजर. किक घुमणारी असेल तर एक फटका दुसऱ्यात सांडतो आणि नुसती गडगड उरते. त्यात गिटार खाली उतरवून लावलेले, बास त्यांच्याही खाली. तळाची सगळी जागा आधीच भरलेली. अशा गर्दीत किक कळते ती फक्त बीटर (पेडलचा हातोडा) हेडला, म्हणजे ड्रमच्या पडद्याला, लागतो त्या क्षणाच्या टकटकीमुळे. ती टकटक ३ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणून ती वर काढतात, ३००-४०० हर्ट्झचा पुठ्ठ्यासारखा भाग कापतात आणि जोडीला सॅम्पल लावतात. नाहीतर ड्रमरने जीव तोडून वाजवलेलं ऐकूच येणार नाही.

पण एक लक्षात ठेवा. ट्रिगर, म्हणजे फटका पडताच सॅम्पल वाजवणारं यंत्र, फटक्याचा जोर झाकतो, वेळ झाकत नाही. उलट टकटक जितकी स्पष्ट, तितका डावा पाय मागे राहिलेला चटकन कळतो. मऊ, घुमणाऱ्या किकमध्ये लपलेली चूक तिथे उघडी पडते.

आता पायांकडे येऊ. १६० ला प्रत्येक पायाच्या वाट्याला सेकंदाला पाचाहून थोडे जास्त फटके येतात, २०० ला साडेसहाच्या वर. संथ लयीत आपण मांडीपासून पाय उचलतो. खूप जलद लयीत घोट्यातून छोटी हालचाल पुरते आणि मांडी जवळपास स्थिर राहते. गोची आहे ती मधल्या पट्ट्यात. माझ्यासाठी तो १५० ते १७५ होता: मांडीला फार जलद आणि घोट्याला फार संथ. बहुतेक जण तिथे अडकतात, पेडल बदलतात, डायरेक्ट ड्राइव्ह (साखळीऐवजी दांडा असलेलं पेडल) घेतात, आणि पुन्हा तिथेच अडकतात. मला उपयोग झाला तो उलट्या वाटेने जाण्याचा. १३० ला, मांडीने सहज जमत असताना, मुद्दाम फक्त घोट्याने वाजवायचं. आवाज बारीक येतो, रडकुंडीला यायला होतं, पण वाजवत राहायचं. आणि डाव्या पायाने सुरुवात करायची. डबल पेडलमध्ये डावा बीटर जोडदांड्यातून फिरतो, त्यामुळे तो जड लागतो; वरून तो पायही बहुधा कमजोर, कारण त्याची आजवरची कमाई हाय-हॅटच्या झांजा दाबून धरण्याएवढीच. हे करताना वर हाताने राइड झांजेवर सरळ आठवे (मात्रेला दोन) चालू ठेवा, नाहीतर पाय सुधारतात आणि हात त्यांच्यामागे फरफटत जातात.

बैठकीची उंचीही बघा. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. बीटर हेडमध्ये दाबून ठेवायचा की लगेच मागे येऊ द्यायचा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ब्रेकडाउनमधल्या (गाण्याचा संथ, जड भाग) सुट्या फटक्याला दाबलेला बीटर छान, कारण आवाज तिथेच तुटतो. सलग सोळाव्यांना तो परवडत नाही. एवढंच ते भांडण.

बरं, पाय नेमकं वाजवतात काय? मेटलकोर आलं हार्डकोर (पंकचं जहाल रूप) आणि मेटल यांच्या मिश्रणातून. स्वीडनच्या गॉथेनबर्गमधलं सुरेल डेथ मेटल त्यात भरपूर मुरलेलं आहे. ड्रमरला दोन्ही घरांचा वारसा मिळाला: हार्डकोरचा जड ठेका आणि मेटलची डबल किक. त्यातून एक सवय तयार झाली. किक गिटारवाल्याच्या उजव्या हाताच्या मागे चालते. तळवा टेकवून दाबलेला प्रत्येक सूर म्हणजे एक किक. मॅसॅच्युसेट्सच्या किलस्विच एन्गेजचा २००२ चा अल्बम पाहा. त्यात ड्रम वाजवले ॲडम डुट्किएविचने, अल्बमची निर्मितीही त्याचीच, आणि पुढे तो त्याच बँडमध्ये गिटारकडे वळला. गिटारचा हात ओळखणाऱ्या माणसाचे पाय कसे चालतात, ते तिथे कळतं. म्हणून माझा सल्ला असा, की गाणं बसवताना ड्रम ऐकण्याआधी गिटार ऐका आणि तिचा ठेका तोंडाने म्हणा. तोंडाने येत नाही तो पायात येत नाही.

ब्रेकडाउनला लय अर्धी होते. स्नेअर तिसऱ्या मात्रेवर जातो, हात चायना झांजेवर सरळ चार मात्रा धरतो आणि पाय गिटारला चिकटतात. कागदावर याहून सोपं काही नाही. वाजवताना मात्र सगळ्यात जास्त पितळ इथेच उघडं पडतं, कारण मधल्या मोकळ्या जागा. गिटार क्षणात गप्प होतो आणि आपला क्रॅश (ही दुसरी झांज) तसाच झणझणत राहतो. तो हाताने धरून बंद करावा लागतो, आणि ती पकड ठेक्याचाच भाग म्हणून बसवावी लागते. मी ती वर्षभर विसरत होतो आणि दोष गिटारवाल्याला देत होतो.

हातांचं सांगायचं तर, स्नेअरच्या मुख्य फटक्याला काठी हेडच्या मध्यावर आणि कडेवर एकाच वेळी लागली पाहिजे, दर वेळी. रिमशॉट एकदा लागणं सोपं आहे. चार मिनिटांच्या गाण्यात तो प्रत्येक वेळी लागणं म्हणजेच तो रेकॉर्डवरचा आवाज. काठी दर वेळी सारख्याच उंचीवरून खाली आणा. बाकी ताकद वगैरे नंतर. फिलमध्ये, म्हणजे दोन भागांमधल्या भरीच्या तुकड्यात, हात आणि पाय एका रांगेत ठेवायची पद्धत इथे फार चालते: उजवा, डावा, किक, किक. दोन स्वर एकदम पडतच नाहीत, त्यामुळे वेग आहे त्याहून जास्त भासतो. हेच सहा-सहाच्या गटात, चार हाताचे आणि दोन पायांचे, सोळाव्यांवर वाजवून पाहा. सम सरकत जाते आणि तीन मात्रांनी पुन्हा हाती लागते. त्यात मजा आहे.

राहिली सामग्री. ती थोडक्यात उरकतो, कारण तिच्यावर आपण सगळे गरजेपेक्षा जास्त बोलतो. किक २२ इंची, कडेला आवाज दाबणारी वळी असलेलं हेड, बीटर लागतो तिथे कडक चकती, आणि बीटरची फेल्टऐवजी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची बाजू. हेड सुरकुत्या जातील इतपतच ताणा. आत उशी हेडला जेमतेम टेकू द्या. स्नेअरचं खालचं हेड चांगलं ताणलेलं, वरचं मध्यम ते वर. माझा डबा वाजत होता त्यात खालच्या ढिल्या हेडचाही हात होता, हे कबूल केलं पाहिजे. टॉमला (बाकीचे ड्रम) दोन पदरी पारदर्शक हेड. क्रॅश १८-१९ इंची. चायना मात्र आवडीची घ्या. ब्रेकडाउनभर तिच्याशीच संसार आहे.

आता मी माझ्या मागे ठेवलेल्या ड्रमसेटवर १६० ला सोळा मात्रांचा एक तुकडा वाजवतो. पहिल्यांदा ट्रिगर लावून, नंतर ट्रिगर काढून नुसत्या माइकवर. दुसऱ्या वेळी माझा डावा पाय कितव्या मात्रेला थकतो, ते बोटांवर मोजा आणि वाजवून झालं की मला सांगा. परवा घरी वाजवलं तेव्हा अकरावी होती.