ठिपका रस्ता ओलांडतो

मोबाइलच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा हा निळा ठिपका बघा. मोबाइल याच फुटपाथवर आहे, दोन मिनिटं जागचा हललेला नाही. ठिपका मात्र रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत शिरला आणि आता मागच्या गल्लीत जाऊन बसलाय.

मोबाइल बिघडलेला नाही. वर पाहा. दोन उंच भिंतींच्या मधे आभाळाची एवढीशी पट्टी.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अणुघड्याळाची वेळ सतत सांगत असतो. संदेश कधी निघाला, कधी पोचला, यावरून अंतर निघतं. असे निदान चार उपग्रह लागतात. आणि हिशोब किती बारीक! एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, रेडिओलहर ३० सेंटिमीटर जाते.

आता ही काचेची इमारत. हिच्यावरून उसळलेलं ऊन बघा, सावलीतल्या फुटपाथवर कसं पडलंय. उपग्रहाचा संदेशही असाच येतो: सरळ वाट अडलेली, म्हणून काचेवर आपटून, वळसा घेऊन. त्याला १०० नॅनोसेकंद उशीर झाला, तर मोबाइलच्या हिशोबात उपग्रह ३० मीटर लांब जातो.

पट्टीतून थेट दिसणारे उपग्रह बहुतेक रस्त्याच्याच रेषेत असतात. त्यामुळे रस्त्याच्या लांबीत जागा बरी कळते. चूक होते ती आडवी. डावा फुटपाथ की उजवा, नेमकं हेच कळत नाही. गाडीचा ठिपका अ‍ॅप उचलून रस्त्यावर बसवतं. पायी चालणाऱ्यांचा विचार मागे राहिला, आणि तो आधी व्हायला हवा होता.

पांढरी काठी घेतलेल्या या बाईंना फोन सांगतोय, पोचलात. दार रस्त्यापलीकडे आहे.

२०१८ पासून उपग्रहाच्या दोन वारंवारिता, म्हणजे दोन वेगवेगळ्या रेडिओलहरी, ऐकणारे मोबाइल आले. सरळ लहर आणि तिचा प्रतिध्वनी त्यांना अधिक नीट वेगळे करता येतात. सरळ लहर पोचलीच नाही, तर तेही अडतात. तिथे उपयोगी पडते ती अडवणारी इमारतच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पॉल ग्रोव्ह्ज यांनी २०११ मध्ये ही पद्धत मांडली: इमारतींची उंची ठाऊक असेल, तर कोणत्या फुटपाथवरून कोणता उपग्रह झाकला जाईल हे आधीच काढता येतं. मग जो संदेश क्षीण झालाय, तोच बाजू सांगतो. त्यासाठी इमारतींच्या उंचीचे नकाशे लागतात. ते सगळ्यांसाठी खुले असायला हवेत.

पुन्हा तोच फुटपाथ. या वेळी उंचीचा नकाशा जोडलाय. ठिपका अजून चार पावलं पुढे आहे, पण याच बाजूला.