सह्यांचे कागद आणि पंधरा डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेचं राजकारण म्हटलं की आपल्याकडे गप्पा होतात त्या व्हाइट हाउसच्या. कोण आला, कोण गेला, व्हिसाचं आता काय होणार. आज आपण जाऊ या त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल शहराच्या नगर परिषदेत. मुंबई महापालिकेत 227 नगरसेवक असतात, इथे सगळे मिळून नऊ. पण गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या डाव्या कार्यकर्त्यांना खरं बळ मिळालं, ते अशाच छोट्या सभागृहांतून.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. नोव्हेंबर 2012 मध्ये बर्गरच्या दुकानांतले दोनशेच्या आसपास कामगार काम टाकून रस्त्यावर आले. मागण्या दोन : तासाला 15 डॉलर आणि युनियन करण्याचा हक्क. देशाचं किमान वेतन तेव्हा होतं सव्वासात डॉलर. दुपटीहून जास्त मागणारी ही माणसं भाबडी आहेत, असंच बहुतेकांना वाटलं.

वर्षभरातच सिअ‍ॅटलच्या विमानतळाभोवती वसलेल्या सीटॅक नावाच्या गावात हा प्रश्न थेट मतदानाला गेला. सिअ‍ॅटल आणि सीटॅक ज्या वॉशिंग्टन राज्यात आहेत, तिथे एक सोय आहे. ठरलेल्या संख्येने सह्या गोळा केल्या, तर नागरिक स्वतःच कायद्याचा मसुदा मतपत्रिकेवर आणू शकतात. पुढाऱ्याच्या दारात तिष्ठत बसावं लागत नाही. बॅगा उचलणारे, विमानं झाडणारे, हॉटेलात खोल्या आवरणारे, त्यांत सोमालियातून आलेले कितीतरी. कार्यकर्ते त्यांच्या दारोदार फिरले, नवे मतदार नोंदवले. विमान कंपनी आणि हॉटेलवाल्यांनी विरोधात पैसा ओतला. फेरमोजणीनंतरचा निकाल असा : बाजूने 3,040, विरोधात 2,963. अवघ्या 77 मतांचा फरक! एवढी मतं तर आपल्याकडे एका मोठ्या सोसायटीत निघतील.

त्याच महिन्यात सिअ‍ॅटलमध्ये क्षमा सावंत निवडून आल्या. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, संगणक अभियांत्रिकी शिकल्या आणि अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. उघडपणे समाजवादी म्हणवणाऱ्या या बाईंनी चार वेळा निवडून आलेल्या नगरसेवकाला हरवलं. पहिल्या रात्री मात्र त्या सात टक्क्यांहून अधिक मागे होत्या. तिथे मतपत्रिका घरी येते, ती भरून टपालाने धाडायची; शेवटच्या दिवसाचा शिक्का असला तरी चालतो. त्यामुळे मोजणी दिवसचे दिवस चालते. शेवटच्या घटकेला मत टाकणाऱ्यांत तरुण आणि भाडेकरू जास्त, आणि तेच त्यांचे मतदार. हळूहळू पारडं फिरलं.

आता खरी मेख ऐका. नऊ जणांत एकटी बाई काय करणार? महापौरांनी पंधरा डॉलरच्या प्रश्नावर मालक आणि कामगार संघटनांची समिती नेमली आणि तिथे घासाघीस सुरू झाली. त्याच वेळी सावंत यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिफ्टीन नाऊ’ नावाची मोहीम काढली आणि शहराच्या सनदेतच, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यातच, दुरुस्ती करायचा मसुदा दाखल केला. त्यात मोठ्या कंपन्यांना वेतन टप्प्याटप्प्याने वाढवायची सवलत नव्हतीच. त्यासाठी सह्या गोळा करायला स्वयंसेवक पॅड आणि पेन घेऊन बाजारात, बसथांब्यांवर उभे राहिले. समितीतल्या मालकांना कळून चुकलं, की इथे बोलणी फिसकटली तर नोव्हेंबरात लोक याहून कडक कायदा करतील. माझ्या मते पंधरा डॉलर मिळवून दिले ते सभागृहातल्या भाषणांपेक्षा या कागदांनी.

2 जून 2014 ला ठराव एकमताने मंजूर झाला. पण फुकट नव्हे. मोठ्या कंपन्यांना तीन-चार वर्षांची, छोट्यांना सात वर्षांपर्यंत मुदत मिळाली, आणि अंमल जानेवारीऐवजी एप्रिल 2015 पासून ठरला. सावंत यांनी या सवलतींवर तोंडसुख घेतलं, दुरुस्त्या सुचवल्या, त्या पडल्या, आणि शेवटी त्यांनीही बाजूनेच मत दिलं. कायद्याचा परिणाम काय, यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही. 2017 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने कामाचे तास घटल्याचं सांगितलं, तर बर्कली विद्यापीठाच्या गटाला खानावळींतल्या नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. शहराचं किमान वेतन 2025 मध्ये 20 डॉलर 76 सेंट झालं. देशाचं सव्वासातवरच थांबलंय, 2009 पासून.

सगळंच जिंकलं असं नाही. बेघरांच्या घरांसाठी मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे बसवलेला कर 2018 च्या मे महिन्यात एकमताने मंजूर झाला. अ‍ॅमेझॉन आणि इतर उद्योगांनी तो रद्द करण्यासाठी सह्यांची मोहीम उभी केली आणि महिन्याभरात परिषदेने तो 7 विरुद्ध 2 मतांनी मागे घेतला. म्हणजे सह्यांचं हत्यार मालकांनाही चालवता येतं! 2021 मध्ये तर खुद्द सावंत यांनाच परत बोलावण्यासाठी मतदान झालं. त्या वाचल्या, तीनशेच्या आसपास मतांनी.

फेब्रुवारी 2023 मधला सावंत यांचा शेवटचा मोठा ठराव मात्र थेट आपल्याशी जोडलेला आहे. नोकरीत, घर देताना, सार्वजनिक ठिकाणी जातीवरून भेदभाव करण्यास सिअ‍ॅटलने बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. बोलायला समर्थक आले, विरोधकही आले. काही हिंदू संघटनांचं म्हणणं, या कायद्याने आमच्याकडे बोट दाखवलं जाईल. आंबेडकरी संघटनांचं म्हणणं, जात विमानात बसून आमच्यासोबत आली आहे, ती नावानिशी कायद्यात लिहा. ठराव 6 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला आणि सभागृहात ‘जय भीम’चा गजर झाला.

सात महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने हाच मार्ग धरला. राज्याच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. सावंत यांनी त्या वर्षी नगर परिषदेची निवडणूक लढवली नाही.

नमस्कार.