चित्राची पाठ : विकायला निघालेल्या कॅनव्हासची तयारी

नमस्कार मंडळी. हे चित्र बघा. ऑइल, म्हणजे तैलरंग, २४ बाय ३० इंच. सही झालीय, बोट लावलं तर रंग लागत नाही. झालं की तयार! आता हे उलटं करते.

(चित्र उलटं करून पाठ कॅमेऱ्यासमोर)

गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं. फ्रेमवाला, गॅलरीतला माणूस आणि जाणकार संग्राहक आधी पाठ बघतात. त्यामुळे आज बोलायचं ते मुख्यतः पाठीबद्दल.

पहिली गोष्ट, चौकट, म्हणजे कापड ज्यावर ताणलेलं असतं त्या मागच्या लाकडी पट्ट्या. बाहेरची फ्रेम वेगळी. आपल्याकडे मिळणारे बरेचसे तयार कॅनव्हास कोपऱ्यात खिळे किंवा पिना मारून पक्के केलेले असतात. असा कॅनव्हास सैल पडला की ताणायला जागाच नसते. दुसरा प्रकार हा, कोपऱ्यात खाचा असलेला. या खाचांत लाकडी पाचरी बसतात, कोपऱ्याला दोन, म्हणजे एकूण आठ. पाचर ठोकली की कोपरा केसभर उघडतो आणि कापड ताणलं जातं. विकायचं काम याच चौकटीवर करा, पैसे थोडे जास्त गेले तरी.

ठोकताना पाचर आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर हातोडी निसटून मागून कापडावर बसते. तो घाव आज पुढून दिसत नाही. काही वर्षांनी त्याच जागी गोल गोल तडे येतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. आठही पाचरींना एकेक हलका ठोका द्यायचा, मग थांबून बघायचं. एकाच कोपऱ्यात जोर केलात तर कापडाला तिरकी सुरकुती पडते.

आणि जुलैमध्ये पाचरी ठोकू नका. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि आपला हात शिवशिवतो. पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच कापड आपोआप ताणलं जातं. जुलैत ठोकून ठेवलं असेल तर तेव्हा कोपऱ्यांवर भलता ताण येतो. मागून पाणी फवारून घट्ट करायची युक्तीही सोडा. घट्टपणा दोन दिवस टिकतो, ओल मात्र कापडात मुरते.

आता इथे जवळून बघा. खालची पट्टी आणि कापड यांच्यामधली ही फट. पाचर सुटली की घरंगळत इथेच येऊन अडकते. पुढून बघा, चित्राच्या खालच्या कडेला फुगवटा आलाय. त्यावरचा रंग आज ना उद्या तडकणार. उपाय अगदी साधा आहे : प्रत्येक पाचरीला भोक पाडून दोरा ओवायचा आणि तो चौकटीला पिनेने अडकवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, करणारे फार थोडे.

आता वाळण्याकडे येऊ. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. वरची साय आधी धरते, आतलं ओलं राहतं. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो, कारण त्यातलं मँगनीज तेलाला घाई करतं. आयव्हरी ब्लॅक हा काळा, कॅडमियमचे पिवळे-लाल, अलिझरिनचा गडद लाल, हे रेंगाळतात. म्हणजे एकाच चित्रात जमीन वाळलेली आणि सूर्य ओला, असं होऊ शकतं. ढगाळ हवेत, बंद खोलीत हे आणखी लांबतं.

वाळलंय का, हे बघायचं ते सर्वांत जाड थरावर, आणि शक्यतो कडेला. नख हलकेच दाबा. खालून मऊ लागलं तर थांबा. डॅमर, म्हणजे झाडाच्या राळेच्या वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबायची जुनी रीत आहे. हल्लीची काही कृत्रिम रेझिनची वार्निशं जाड थर आतून टणक झाला की चालतात. बाटलीवरची सूचना वाचा आणि तीच पाळा.

प्रदर्शन जानेवारीत असेल तर हिशेब मागून लावा. शेवटचा जाड हात जुलैपर्यंत संपला पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर वार्निश न लावताच विका आणि गिऱ्हाइकाला तसं लिहून द्या : 'अमुक महिन्यानंतर वार्निशसाठी आणावे.' यात कमीपणा काही नाही. ओल्या रंगावर वार्निश मारलं तर वरचा थर आधी आकसतो, खालचा सरकत राहतो, आणि भेगा पडतात. शिवाय वार्निश रंगात मिसळलं की पुढे ते काढताना रंगही उतरतो.

लावायचा दिवस कोरडा निवडा. पंखा बंद, चित्र टेबलावर आडवं, दोन-तीन इंची मऊ सपाट ब्रश. या आकाराला १५ ते २० मिली पुरतं. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. अशा दिवशी लावलेल्या वार्निशवर दुधट झाक येते, आणि गडद रंगांवर ती जास्त उठून दिसते. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर टांगा. काटा ६५ च्या खाली असेल तरच बाटली उघडा.

फोटो वार्निशच्या आधी काढायचे, चमक येण्यापूर्वी. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याशी धरा. फोनची रुंद लेन्स वापरलीत तर फोटोत चित्राच्या कडा पिंपासारख्या फुगतात. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम घ्या.

बुरशी. मागच्या बाजूला काळे-करडे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र बाहेर न्या, तोंडाला मास्क लावा, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सरसाचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या चिकटीचं अस्तर असलेल्या कापडावर बुरशी लवकर धरते, सरस हे तिचं खाद्यच. चित्रं जमिनीपासून चार इंच वर उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलेलं चित्र सप्टेंबरात उघडण्याची हिंमत लागते, एवढंच सांगते.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. ऑइलवर काच नको. आणि फ्रेमच्या आतून थेट चौकटीत खिळे नकोत, धातूच्या वाकड्या पट्ट्या स्क्रूने लावा. खिळ्यांनी जखडलेली चौकट पाचरी ठोकून उघडता येत नाही. टांगायला डी-रिंग, म्हणजे डी अक्षराच्या आकाराच्या धातूच्या कड्या, वरून एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना, आणि मध्ये वेणीदार तार. सुतळी कुजते, नायलॉनची दोरी ताणून लांबते. खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते.

लेबल चौकटीच्या लाकडावर लावा. शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, नाव. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर, नाहीतर आडव्या चित्राला उभी फ्रेम तयार होऊन येते. कापडाच्या पाठीवर मार्करने लिहू नका, शाई पुढे झिरपते. बॉलपेनने तर कापडावर वळच उठतो.

पैशांचं थोडक्यात. बरेच चित्रकार चौरस इंचाचा दर धरतात. २४ गुणिले ३० म्हणजे ७२०; दर ४० रुपये असेल तर २८,८०० झाले. फ्रेम वेगळी. गॅलरीचं कमिशन याच किमतीतून जाणार, म्हणून स्टुडिओतला भाव आणि गॅलरीतला भाव एकच ठेवा. स्टुडिओत स्वस्त देणाऱ्याचं चित्र गॅलरी दुसऱ्यांदा घेत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. तुम्ही नोंदणीकृत असाल तर जुनी बिलं नक्कल करू नका.

बिलावर एक ओळ जरूर टाका : 'प्रताधिकार चित्रकाराकडे राखीव.' १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र विकलं तरी प्रताधिकार गिऱ्हाइकाकडे लेखी करारानेच जातो. मूळ चित्र विकत घेतलं म्हणून ते दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापता येत नाही. हे बऱ्याच गिऱ्हाइकांना खरंच माहीत नसतं, भांडण होण्याआधी सांगून ठेवा.

आणि पाठवणी. गुंडाळून पाठवायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली की रंग दाबला जाऊन चुरगळतो. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची पीव्हीसी पाइप आणा आणि कॅनव्हास त्याच्यावर गुंडाळा, त्याच्या आत कोंबू नका. मग हे सगळं त्याहून मोठ्या नळीत. पुन्हा ताणायला चारी बाजूंना दोन-दोन इंच कोरं कापड सोडलेलं हवं. जाड थराचं चित्र मात्र गुंडाळूच नका.

चौकटीसकट जाणाऱ्या चित्रावर बबल रॅप थेट नको. चित्र ॲक्रिलिक रंगातलं असेल तर उन्हात तापलेल्या टेम्पोत रंग मऊ होतो आणि पूर्ण चित्रावर फुग्यांची गोल नक्षी उमटते. ॲक्रिलिकवर आधी सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद, ऑइलवर बटर पेपर. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, पाठीला पुठ्ठा, मग पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका.

अजून एक जाड पुठ्ठा चित्राच्या तोंडावर, खोक्याच्या झाकणाखाली टाका आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : 'थांबा, खाली चित्र आहे. ब्लेड नको.' खोका उघडणारा माणूस उत्साहात असतो, आणि त्याच्या हातात कटर असतो.