एका किल्लीवर सगळी कुलपं

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक प्रश्न विचारते आणि मग गोष्टीकडे वळते. समजा, तुमचं ईमेलचं खातं आज रात्री बंद झालं. पासवर्ड बरोबर आहे, पण आत घेत नाही. तर उद्या सकाळी आणखी काय काय उघडणार नाही? पत्रं तर गेलीच. पण फोटो त्याच खात्यात आहेत. फोनमधले सगळे नंबर त्याच खात्यात आहेत. दुसरीकडचा पासवर्ड विसरलात, तर नवा करायची लिंक त्याच पत्त्यावर येते. आणि कितीतरी ॲप्सना तुम्ही वेगळा पासवर्ड कधी केलेलाच नाही. 'गूगलने लॉगिन करा' किंवा 'फेसबुकने लॉगिन करा' असं बटण होतं, ते दाबलं आणि पुढे गेलात. सोयीसाठी आपण एकच किल्ली केली, सगळी कुलपं तिच्यावर बसवली, आणि ती किल्ली आपल्या खिशात नाही. ती कंपनीच्या खिशात आहे.

आता गोष्ट. ही मी भेटेल त्याला सांगते, आणि आज तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

फेब्रुवारी 2021. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर. कोविडचे दिवस होते, साध्या दुखण्यासाठी दवाखान्यात जायला लोक धजत नव्हते. एका वडिलांच्या लक्षात आलं की आपल्या लहानग्या मुलाला नाजूक जागी सूज आली आहे आणि ते दुखतंय. शुक्रवारची रात्र होती. बायकोने दवाखान्यात फोन लावला. शनिवारी सकाळी व्हिडिओवर डॉक्टर बघतील असं ठरलं, आणि नर्सने सांगितलं, डॉक्टरांना आधी बघता यावं म्हणून फोटो पाठवून ठेवा. वडिलांनी आपल्या फोनवर फोटो काढले. डॉक्टरांनी ते बघितले, प्रतिजैविकं दिली, सूज उतरली, मूल बरं झालं. आईबापांचा जीव भांड्यात पडला.

फोन अँड्रॉइडचा होता. काढलेला फोटो आपोआप गूगलकडे जाऊन साठत होता, जसा आपल्यापैकी कित्येकांचा साठतो. दोन दिवसांनी फोनवर सूचना आली : घातक मजकूर आढळल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे, हे बेकायदेशीरही असू शकतं. मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो शोधणारी गूगलची एक यंत्रणा आहे. तिने डॉक्टरांसाठी काढलेला फोटो त्यातच धरला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही यंत्रणा असू नये असं मी म्हणत नाही. मुलांना छळणारी माणसं पकडली गेलीच पाहिजेत. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे माहीत असताना ओलं बाजूला काढायला कुणीतरी माणूस उभा हवा की नको?

हे वडील स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. आधीच्या एका नोकरीत त्यांनी लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ काढून टाकणाऱ्या यंत्रणेवरच काम केलेलं होतं. त्यांना वाटलं, कुणीतरी माणूस बघेल आणि चूक कळेल. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज भरला, मुलाचं दुखणं लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं : खातं परत मिळणार नाही. कारण? काही नाही.

आता त्या माणसाचं काय काय गेलं ते ऐका. ईमेल गेला. मित्रांचे, जुन्या सहकाऱ्यांचे पत्ते गेले. मुलाच्या पहिल्या काही वर्षांचे फोटो गेले. आणि त्यांची मोबाईल सेवाही गूगलचीच होती, म्हणून फोन नंबरसुद्धा गेला. मग बाकीच्या खात्यांचं काय झालं? तिथे आत शिरायला जो कोड लागतो तो एक तर ईमेलवर येणार, नाही तर फोनवर येणार. ईमेल नाही, फोन नाही. एक किल्ली गेली आणि कुलपं एकामागून एक बंद होत गेली.

आणि हे इथे थांबलं नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशी माहिती कंपनीला वर कळवावी लागते. ती पोलिसांपर्यंत पोहोचली. डिसेंबर 2021 मध्ये त्यांच्या घरी सॅन फ्रान्सिस्को पोलिसांचं पाकीट आलं. त्यांची चौकशी झाली होती, त्यांना पत्ताच नव्हता! त्यांनी इंटरनेटवर काय शोधलं, कुठे कुठे गेले, कुणाला काय लिहिलं, त्यांचे फोटो, व्हिडिओ, सगळं वॉरंट काढून मागवलेलं होतं. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने सगळं बघून निष्कर्ष काढला की गुन्हा घडलेलाच नाही. त्याने हे कळवायचा प्रयत्नही केला होता. पण कळवणार कसं? फोन बंद, ईमेल बंद.

वडिलांनी त्या अधिकाऱ्याला विचारलं, मी निर्दोष आहे हे तुम्ही कंपनीला सांगाल का? तो म्हणाला, ते तुम्हालाच कंपनीशी बोलायला हवं, माझ्या हातात काही नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी अवस्था. मग त्यांनी पोलिसांचा अहवाल जोडून पुन्हा अर्ज केला. पोलिसांचा अहवाल, श्रोतेहो! तरीही उपयोग झाला नाही. पुढे सूचना आली ती खातं कायमचं पुसून टाकत असल्याची. कोर्टात जाण्याचा विचार त्यांनी केला, पण खर्च सुमारे 7,000 डॉलर येईल असं दिसलं आणि त्यांनी तो नाद सोडला.

ऑगस्ट 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकीकत छापली. टेक्सासमधल्या आणखी एका वडिलांवरही अगदी हाच प्रसंग आल्याचं त्याच बातमीत होतं. एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राने विचारल्यावर तरी खातं उघडलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही उघडलं. कंपनी आपल्या निर्णयावर ठाम राहिली.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? चूक यंत्राने केली हे नाही. चुका माणसंही करतात. पण पोलिसांनी सोडलेल्या माणसाला दाद मागायला एक टेबल नव्हतं, एक खुर्ची नव्हती, समोर बसून ऐकणारं कुणी नव्हतं. भाडेकरूला घराबाहेर काढायचं तरी नोटीस द्यावी लागते.

मुलांच्या फोटोंचा विषय निघालाच आहे तर सांगते : छापून घ्या. वर्षाला वीस-पंचवीस तरी कागदावर छापून घ्या आणि अल्बममध्ये लावा. फोनमधले पाच हजार फोटो कुणी परत बघत नाही, अल्बम मात्र घरी आलेलं प्रत्येक माणूस उघडतं. आणि घरातल्या चार माणसांचे नंबर पाठ करा. पूर्वी आपल्याला वीस-वीस नंबर तोंडपाठ होते. ती सवय गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. मुद्दा परत सांगते. किल्ली आपल्या खिशात नाही. आणि ती हातातून जायला दर वेळी आरोपच व्हावा लागतो असं नाही. 14 डिसेंबर 2020 ला गूगलची ओळख तपासणारी व्यवस्थाच पाऊण तास कोलमडली आणि जगभर लोकांना लॉगिन करता येईना. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही मिळून जवळजवळ सहा तास बंद होती, आणि जिथे 'फेसबुकने लॉगिन करा' हा एकच दरवाजा होता तिथलीही वाट अडली. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचा नियमही गूगलने 2023 मध्ये केला. वारलेल्या माणसाचं खातं घरच्यांच्या ध्यानीमनी नसताना असं जाऊ शकतं.

कायदा हळूहळू जागा होतोय. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टप्रमाणे ऑनलाइन मंचाने खातं बंद केलं तर कारण द्यावं लागतं, तक्रार ऐकून घ्यावी लागते आणि तिचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. हे सगळीकडे व्हायला हवं. आणि माझं आणखी एक म्हणणं आहे. कितीतरी देशांत मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. मग ईमेलचा पत्ता का नाही?

त्यावर एक उपाय आजही आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचं, म्हणजे ईमेलमध्ये त्या गोल 'ॲट'च्या खुणेनंतर येतं ते नाव. त्याचं वार्षिक शुल्क भरत राहायचं. मग सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. पण ते शुल्क चुकवू नका, नाही तर नाव दुसरं कुणीतरी घेईल.

एवढं जमणार नसेल तर निदान हे करा. खात्याचा पर्यायी ईमेल दुसऱ्या कंपनीकडचा ठेवा. दुसऱ्या कंपनीकडचा, हे लक्षात ठेवा. त्याच कंपनीतलं दुसरं खातं उपयोगाचं नाही, कारण कधी कधी दोन्ही एकदम जातात. गूगलमध्ये 'टेकआउट' नावाची सोय आहे, तिथून आपली पत्रं, फोटो, नंबर उतरवून घेता येतात. ते घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि वर्षातून दोनदा पुन्हा करा. फोन हाताशी नसताना लॉगिन करायला बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका, तो जाऊन त्याच खात्यात बसेल.

आणि पुढच्या वेळी ते 'गूगलने लॉगिन करा' बटण दिसलं की खाली बारीक अक्षरात ईमेल आणि पासवर्डचा रस्ता बहुतेक वेळा असतो, तो शोधा. दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

आपल्या पश्चात खातं कुणी बघावं हेही नेमता येतं. गूगलमध्ये त्यासाठी 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'. आज घरात कुणाचं नाव घालायचं ते ठरवा आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवा.

नमस्कार.