मिरजेचं मिशन हॉस्पिटल आणि तारणाचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीहून मिरजेला जाताना वान्लेसवाडी लागते. हे नाव विल्यम वान्लेस या डॉक्टरांचं. जन्म कॅनडातला, पण अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनतर्फे ते 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. जुनी माणसं त्याला अजून 'मिशन हॉस्पिटल' म्हणतात. 1928 मध्ये निवृत्त होईपर्यंत वान्लेस इथंच राबले.

गंमत अशी, की ते ज्या पंथाचे होते, तो पंथ शिकवतो की सत्कृत्यांनी कुणाचंही तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही. हजारो रोगी बरे केलेत तरी तेवढ्यानं स्वर्ग पदरात पडत नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

आपल्याकडे उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते आणि वजनाप्रमाणे बिल निघतं. देवाचाही असाच काटा असणार, असं बहुतेकांच्या मनात असतं. नियमानं चर्चला जाणारे आणि कमाईचा दशमांश देणारे आम्ही ख्रिस्ती त्याला अपवाद नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत, हा काटाच काढून टाकतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, तारण कृपेनं होतं, विश्वासाच्या द्वारे होतं; ते देवाचं दान आहे, म्हणून कुणी बढाई मारू नये. हे आठवं-नववं वचन. प्रवचनं बरेचदा इथंच थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. दहावं वचन सांगतं की देवानं आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलं, आणि ती कृत्यं त्यानं आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे तारण आधी, सेवा मागून. वान्लेस यांचं कोडं मला याच वचनापाशी सुटतं. जे मिळालंच आहे, ते कमावायची चिंता नाही; मग माणूस रोग्याकडे नीट पाहू शकतो.

पण नव्या करारातलंच याकोबाचं पत्र उघडलं की वाचक दचकतो. माणूस केवळ विश्वासानं नव्हे, तर क्रियांनी नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, असं तिथं सरळ लिहिलंय. त्यातही दोघं दाखला देतात तो एकाच माणसाचा, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा! मात्र प्रसंग वेगळे. पौल बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. अब्राहामाला मूलबाळ नाही, आणि देव म्हणतो, आकाशातले तारे मोज, तुझी संतती तेवढी होईल. त्यानं विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. सुंतेची आज्ञा दोन अध्यायांनंतर येते, म्हणजे विश्वास आधी, विधी नंतर. याकोब जातो बाविसाव्या अध्यायात, जिथं हाच अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला डोंगर चढतो. पंधराव्या अध्यायातला विश्वास तिथं कसाला लागला, असं याकोबाचं म्हणणं.

दोघांसमोरची माणसंही निराळी. सुंता आणि मोशेचं नियमशास्त्र पाळल्याशिवाय तारण नाही, असं यहुदी नसलेल्यांना बजावणाऱ्यांशी पौल भांडत होता. याकोबासमोर होते उघड्या-उपाशी भावाला 'सुखी राहा, ऊब घ्या, पोटभर खा' म्हणून वाटेला लावणारे. अशांना तो सुनावतो, देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात, आणि थरथर कापतात.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याला मात्र याकोब पचला नाही. पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांचा बाजार पाहून 1517 मध्ये तो उभा राहिला होता. 'क्रिया' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तो बाजार येत असावा. 1522 मध्ये त्यानं याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानंच लिहिलं, की खरा विश्वास सतत कामात असतो, चांगलं केल्याशिवाय त्याला राहवतच नाही. याकोब आणखी वेगळं काय सांगत होता?

रोमन कॅथलिक चर्चनं 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत आपली बाजू मांडली. कृपेवाचून कुणी नीतिमान ठरत नाही, हे त्यांनाही मान्य; पण कृपेत राहून केलेल्या सत्कृत्यांनी नीतिमत्त्व वाढतं, असं ते म्हणतात. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लूथरला मानणाऱ्या लूथरन मंडळींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की आपला स्वीकार केवळ कृपेनं होतो, आपल्या पुण्याईनं नव्हे. सगळे मतभेद त्यानं मिटले नाहीत, मूळ मुद्द्यावर मात्र एकमत झालं.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, आमच्या गल्लीतला माणूस जन्मभर लोकांच्या उपयोगी पडला, पण तो ख्रिस्ती नाही, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि चर्चमध्ये उत्तर एकच नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं 1964 मध्ये म्हटलं, की ज्यांना आपला दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही कृपेनं तारण मिळू शकतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे पटत नाही. मला विचाराल तर तो निवाडा मी देवाकडेच ठेवतो, आणि त्या माणसाच्या हाताला हात लावायला जातो.

नमस्कार.