बुधवारची राणीची बाग

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना आहे. मुलांना सुट्ट्या लागल्यात, गावाहून पाहुणे आलेत, आणि रात्री जेवताना घरोघरी एकच विषय निघतो. रविवारी कुठे जायचं? लगेच दुसरा प्रश्न येतो, खायचं काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मुंबईत ढिगाने मिळतात. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही, तो म्हणजे रविवारी सुट्टी नाही त्याचं काय करायचं? आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

आधी कामाच्या गोष्टी सांगते. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या, नसेल तर मी पुन्हा सांगेनच. राणीची बाग बुधवारी बंद असते. तिच्या कुशीतलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे कान्हेरीही सोमवारी नाही. आणि रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशीच पेपरात मेगाब्लॉक बघून घ्या. म्हातारी माणसं आणि कडेवरची मुलं घेऊन भर उन्हात फलाटावर तासभर उभं राहायची वेळ येऊ नये.

घारापुरीला जायचं तर गेटवेवरून सकाळची पहिली लाँच धरा. तासाभराचा प्रवास, मग पायऱ्या. शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढा. वर ती त्रिमूर्ती. साधारण वीस फूट उंचीचं शिल्प, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की बडबडी मुलंसुद्धा थोडा वेळ गप्प होतात. हे मी स्वतः पाहिलंय. बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं, तो हत्ती मात्र बेटावर नाही. त्याचे तुकडे झाले होते. ते मुंबईत आणून जोडले, आणि आज तो हत्ती राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे सोमवारी बेट बंद असेल तर निदान हत्ती तरी बघता येतो! आणि बुधवारी हत्ती बंद असेल तर बेट उघडं असतं. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं.

जेवणाचं म्हणाल तर दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा आहे, पियूष आहे, आस्वादचं थालीपीठ आहे. तिथे रविवारी रांग असते आणि रांगेत उभं राहायला माझी ना नाही. पण एक सांगते. जेवणाऱ्या माणसाच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहू नका. त्याच्या पानातला शेवटचा घास कधी संपतो याकडे डोळे लावून उभं राहणं मला अजिबात पटत नाही. माणूस जेवतोय, त्याला जेवू द्या. आणि पियूषचा विषय निघालाच आहे तर, पियूष म्हणजे पातळ केलेलं श्रीखंड असं जे सांगतात त्यांनी एकदा नीट जिभेवर घोळवून बघावं. त्यातला ताकाचा आंबटपणा आणि जायफळ यांचा एक वेगळाच मेळ असतो. असो, मी भरकटले.

बाहेरचं खाणं झालं. पण सहलीचं खरं जेवण माझ्या मते घरच्या डब्यातलं. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. कृती तुम्हाला मी काय सांगणार! फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाजीत कांदा घालू नका, उन्हाळ्यात दुपारपर्यंत तिला वास येतो. आणि पुरी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ धरते, पुरी चिवट होते. पुन्हा सांगते, पुरी गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

ही दुसरी गोष्ट माझ्या आईने मला शिकवली ती एका बुधवारी. त्या बुधवारची गोष्ट मला आज तुम्हाला सांगायचीच आहे.

१९७६ सालचा मे महिना. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा आगारात. आता बसचं काम म्हणजे रविवारी तर जास्तच गर्दी. सगळ्या मुंबईला फिरायचं असतं, आणि तिला फिरवायला कोणीतरी ड्युटीवर लागतंच. बाबांची साप्ताहिक सुट्टी होती बुधवारी. आमच्या शाळेची रविवारी, काकांच्या गिरणीची रविवारी, बाबांची बुधवारी. त्यामुळे रविवारच्या सगळ्या सहली आम्ही मामाबरोबर किंवा काकांबरोबर केल्या. राणीची बाग मी तोवर तीनदा पाहिली होती आणि तिन्ही वेळा बाबांशिवाय.

बाबा मात्र राणीच्या बागेवरून रोज जायचे. त्यांचा रूट आंबेडकर रोडवरूनच होता. दिवसातून किती वेळा ते दांडीला धरून ओरडत असतील, "राणीची बाग! राणीची बाग उतरा!" मुलाबाळांची कुटुंबं उतरायची, हातात डबे, पाण्याचे तांबे. बाबा डबल बेल मारायचे आणि बस पुढे निघायची. आठवड्याचे सहा दिवस ते त्या फाटकापाशी माणसं उतरवायचे, पण स्वतः आत कधी गेले नव्हते.

मे महिन्यात आम्हाला शाळा नव्हती. आजी म्हणाली, "या बुधवारी पोरांना बापाबरोबर बागेत जाऊंदे. मीपण येते." झालं! आई पहाटे चारला उठली. स्टोव्हचा आवाज, तेलाचा वास, आणि मी शेजारी बसून पुऱ्या मोजतेय. चाळीस पुऱ्या. मी घाईने एक गरम पुरी डब्यात टाकली तर आईने ती उचलून परत परातीत ठेवली. "गार होऊदे आधी. वाफेने खालच्या सगळ्या चिवट होतील." पितळेचा चार खणांचा डबा, फिरकीचा तांब्या, आजीची पानाची चंची. बाबांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. खाकी सोडून सकाळच्या वेळी बाबा दुसऱ्या कपड्यात दिसले की मला ते कोणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे वाटायचे.

आम्ही बसने राणीच्या बागेला उतरलो. माझी बहीण पाच वर्षांची, ती हत्ती हत्ती करत पुढे पळाली आणि फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली.

फाटक बंद होतं.

पहारेकरी आतून म्हणाला, "आज बुधवार. बुधवारी बंद असते."

श्रोतेहो, जरा विचार करा. तो स्टॉप आमच्या बाबांच्या तोंडी दिवसरात्र असायचा. बागेत जाणारी माणसं ते वर्षानुवर्षं उतरवत होते. मग बुधवारी बाग बंद असते हे त्यांना कसं माहीत नव्हतं? कारण बुधवारी ते त्या रस्त्यावर नसायचेच! बुधवारी ते घरी. उरलेले सहा दिवस त्यांनी फाटक उघडंच पाहिलं होतं. आम्ही गेलो होतो तेही रविवारीच. आईला माहीत नाही, आजीला माहीत नाही, आणि चाळीत कोणाला विचारावं असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कंडक्टरच्या घरचे लोक बसच्या स्टॉपबद्दल दुसऱ्याला काय विचारणार?

बाबा पाटीसमोर बराच वेळ उभे होते. एवढी छोटी पाटी, पण त्यांनी ती दोनदा वाचली असावी. बहीण रडायला लागली. आई म्हणाली, "अहो, घरी जाऊया. गॅलरीत बसून जेवू." बाबांनी तिला उत्तर दिलं नाही. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला. स्टॉपवर चला."

कुलाब्याकडे जाणारी एक साधी बस आली. ती सोडली. मग डबल डेकर आली, पण वरची पुढची सीट भरलेली दिसत होती. तीही सोडली. आजी म्हणाली, "अरे, उन्हात किती उभं करशील?" बाबा म्हणाले, "आई, अजून एक." पुढच्या डबल डेकरच्या वरच्या काचेमागे कोणी नव्हतं. आम्ही चढलो. आजीला त्या वळणाच्या अरुंद जिन्यावरून वर नेताना बाबा तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभे होते. सगळ्यात पुढची दोन बाकं आम्हाला मिळाली, एकावर आजी आणि बाबा, दुसऱ्यावर आई आणि मी, आणि बहीण आईच्या मांडीवर.

वरचा कंडक्टर ओळखीचा निघाला. ज्यांनी त्या बसमधून प्रवास केलाय त्यांना आठवत असेल, डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे, वर एक आणि खाली एक. तो म्हणाला, "मास्तर, तिकिटं कसली काढता? बसा आरामात." बाबांनी स्वतःचा पास दाखवला आणि आजीचं, आईचं, माझं, ज्याचं जे लागेल ते तिकीट काढलं. म्हणाले, "आज मी पॅसेंजर आहे." तिकिटं त्यांनी सदऱ्याच्या खिशात अशी जपून ठेवली, जशी ती सहलीची प्रवेशपत्रिकाच होती.

डबल बेल झाली, बस निघाली. बागेची भिंत, तिच्यावरून झुकलेली झाडं. बहीण ओरडली, "हत्ती दिसला!" आम्हा कोणालाच दिसला नव्हता. आजी म्हणाली, "मलापण दिसला." मग भायखळा, जे. जे., पुढे मोहम्मद अली रोड. तेव्हा तिथे वर उड्डाणपूल नव्हता. आमची बस त्या जुन्या घरांच्या गॅलऱ्यांना घासून जातेय असं वाटायचं. वाळत घातलेले कपडे, पिंजऱ्यातला पोपट, खिडकीत केस विंचरणारी एक बाई, तिने माझ्याकडे बघून हात हलवला. वारा असा की आजीचा पदर उडून बाबांच्या तोंडावर जायचा. आणि बाबा हळू आवाजात, स्वतःशीच, प्रत्येक स्टॉपचं नाव घेत होते. क्रॉफर्ड मार्केट. बोरीबंदर. हुतात्मा चौक.

आजीने विचारलं, "हे सगळं तू रोज बघतोस?"

बाबा म्हणाले, "आई, मी रोज उभा असतो. माणसं बघतो, सुटे पैसे बघतो. बसून रस्ता आजच बघतोय."

इलेक्ट्रिक हाऊसला बस रिकामी झाली. मला इतकी भूक लागली होती की मी बसमध्येच डब्याला हात घातला. बाबांनी हात धरला. "बसमध्ये खायचं नाही. सांडलं तर झाडणारा आपलाच माणूस असतो." मग खाली उतरून आईने डबा फुटपाथवर उघडला आणि पहिला घास कोणाला दिला माहीत आहे? दोन्ही कंडक्टरांना आणि ड्रायव्हरला. पुरीवर भाजी घालून, दुमडून, प्रत्येकाला तीन तीन. त्यांना पुन्हा सुटायला पाच मिनिटं होती. तिघांनी बसच्या सावलीत उभ्याने खाल्लं. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, पुरी कशी मऊ राहिली हो?" आईने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही जेवलो गेटवेच्या कठड्यापाशी. समोर घारापुरीची लाँच सुटत होती. एकतीस पुऱ्या, पाच माणसं. एकही उरली नाही.

बाबा पुढे बागेत गेले, पण निवृत्त झाल्यावर, माझ्या मुलाचं बोट धरून, एका रविवारी. त्यांनी हत्ती पाहिला, तो दगडाचाही पाहिला. मी विचारलं, "कशी आहे बाग?" म्हणाले, "छान आहे. पण आपली बुधवारची चांगली होती."

या शहरात आजही किती जणांची सुट्टी बुधवारी असते, गुरुवारी असते. नर्स, पोलीस, हॉटेलातले आचारी, लोकलचे मोटरमन. घरातल्या एकाला रविवार मिळत नसेल तर सहल त्याच्या वाराला ठेवा. मुलांना एक दिवस क्लासला दांडी मारू द्या. पुन्हा सांगते, ज्याला रविवार मिळत नाही, सहल त्याच्या वाराला ठेवा. गर्दीही कमी असते. फक्त त्या दिवशी काय बंद असतं ते आधी विचारा.

मुंबईत डबल डेकर पहिल्यांदा धावली १९३७ साली. जुन्या डिझेलच्या गाड्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेऊन गेली. आम्ही दोघी बहिणी त्या दिवसांत रात्री फोनवर बोलत बसलो होतो, दोघींनाही रडू आवरत नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून विजेवरच्या, वातानुकूलित डबल डेकर आल्यात. त्यांच्या काचा उघडत नाहीत, पदर उडत नाही. तरी पुढची सीट तीच, समोरचा रस्ता तोच.

माझ्या बहिणीची मुलगी आता नर्स आहे, आणि या महिन्यात तिची सुट्टी आलीये बुधवारी. येत्या बुधवारी आम्ही सगळे निघणार आहोत. आधी डबल डेकर, मग गेटवे, मग घारापुरी. पुऱ्या चाळीस. ड्रायव्हर आणि कंडक्टरच्या वेगळ्या.

नमस्कार.