बाळाचा फोटो आणि घरातली खिडकी

नमस्कार, श्रोतेहो.

घरात बाळ आलं की फोन फोटोंनी भरून जातो. आणि नंतर पाहायला बसावं तर निम्मे पिवळट, निम्मे हललेले. मग वाटतं, नवा फोन घ्यायला हवा. माझं म्हणणं असं, की फोन आहे तोच राहू द्या. आधी घरातली एक चांगली खिडकी शोधा.

आपण बाळाचे फोटो बहुतेक संध्याकाळी काढतो, सगळे घरी आल्यावर, दिव्याखाली. हा उजेड वरून पडतो, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या येतात. शिवाय तो आपल्या डोळ्यांना पुरला तरी कॅमेऱ्याला अपुरा पडतो. मग शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्यात बाळाने मूठ हलवली की मूठ पुसट होते. फ्लॅश लावला तर बाळ दचकतं आणि चेहरा सपाट, पांढराफटक येतो.

त्यापेक्षा सकाळची वेळ धरा. अंघोळ, धुरी, दूध आटोपून बाळ खुशीत असतं तेव्हा खिडकीपासून दोन-तीन हातांवर सतरंजी अंथरा, वर पांढरी चादर. खोलीतले दिवे बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला, की एक गाल एका रंगाचा दिसतो आणि दुसरा दुसऱ्या. बाळाला असं निजवा, की उजेड डोक्याकडून किंवा बाजूने येईल. पायांकडून आला तर हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळे अंधारात जातात, आणि गोड चेहराही भेसूर दिसतो. खिडकी उत्तरेची असेल तर फारच छान, तिच्यातून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट आत येतं. तिथे एखादं जुनं पांढरं धोतर पडद्यासारखं लावा. कडक ऊन त्यातून गाळून मऊ होतं.

रंगीत पडदे मात्र बाजूला सारा. हिरव्या किंवा पिवळ्या पडद्याची छटा थेट बाळाच्या कातडीवर उतरते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: बाळ पिवळं दिसतंय की नाही, हे फोटोवरून ठरवू नका. शंका आली तर बाळालाच डॉक्टरांकडे न्या.

फोटो काढण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याची काच पुसा. मालिशीच्या तेलाचा हात तिला हमखास लागलेला असतो, आणि मग सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. मऊ सुती कापडाने पुसली की पुरे.

आता तुम्ही कुठे बसायचं? खाली, जमिनीवर, बाळाच्या नजरेच्या पातळीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसतं कपाळ आणि टाळू येते. फोन तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. थोडं मागे सरका, फोनमध्ये दोनपट जवळ आणायची सोय असेल तर ती वापरा, आणि पडद्यावर बाळाच्या डोळ्यावर बोट टेकवा. एका हाताने बाळाच्या वर फोन धरून कधीच काढू नका. फोन निसटला तर तो थेट बाळाच्या तोंडावर पडतो.

पहिल्या काही आठवड्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणजे मांडीवर घेतलेल्या आईचा चेहरा. लांबून खुळखुळा वाजवून ते तुमच्या फोनकडे बघेल, ही अपेक्षाच नको. आईला जवळ वाकू द्या, बाळ तिच्याकडे टक लावून पाहू लागलं की तुम्ही बाजूने फोटो काढा. एरवी फोन आईच्याच हातात असतो, त्यामुळे फोटोंत सगळे असतात, तीच नसते. बाबांनी, काकांनी, मावशीने फोन तिच्या हातातून काढून घ्यावा, असं मला फार मनापासून वाटतं. आजी पायांवर घेऊन अंघोळ घालते, त्या हातांचाही फोटो काढून ठेवा. फक्त उघड्या अंगाचे फोटो घरातच राहू द्यात, ते स्टेटसवर टाकू नका.

हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या तान्ह्या बाळाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते सहसा दोन फोटो जोडून केलेले असतात, आणि दोन्ही वेळा कुणीतरी बाळाला धरलेलं असतं. घरी तो प्रयत्न करू नका.

पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला एक खास अडचण येते. बाळाच्या अंगात काळं झबलं, वर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. एवढं काळं पाहून कॅमेरा चित्र उजळवतो, आणि चेहरा व हलवा दोन्ही पांढरे पडतात, हलव्याचा काटा दिसतच नाही. बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि पडद्यावर येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा, म्हणजे काटा न् काटा दिसेल. बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडताना बटण दाबून एकापाठोपाठ एक फोटो घ्या आणि बाळाच्या तोंडाकडे बघा, पाटाकडे नको. बोरांपेक्षा ते चकित झालेलं तोंड मोलाचं. चुरमुरा तोंडात जात नाही ना, हे पाहायला एकजण शेजारी हवाच.

महिन्याच्या शेवटी सगळे फोटो एकदा बघा, एकसारख्यांतला एक ठेवा, बाकी काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा तपशील घटतो, म्हणून छपाईसाठी द्यायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निवडलेले चार-पाच ४ बाय ६ इंचांत छापून घ्या आणि मागे तारीख आणि फोटोतल्या सगळ्यांची नावं लिहा.

नमस्कार.